आंधळे दिवस: एचआयव्ही चाचणीची चाळीस वर्षे

४ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतल्या अटलांटा शहरात सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने एक बैठक बोलावली. रक्तपेढ्यांचे प्रमुख, हिमोफिलियाच्या रुग्णांचे प्रतिनिधी, समलिंगी पुरुषांच्या संघटना, रक्तापासून औषधे बनवणाऱ्या कंपन्या आणि सरकारी अधिकारी असे सगळे एका सभागृहात जमले होते. प्रश्न एकच होता: एड्स रक्तातून पसरतो का, आणि पसरत असेल तर आजच्या आज काय करायचे?

पुरावे समोर होते. जुलै १९८२ मध्ये तीन हिमोफिलिया रुग्णांना एड्स झाल्याची नोंद झाली होती. हिमोफिलियात रक्त नीट गोठत नाही, म्हणून हे रुग्ण रक्त गोठवणाऱ्या घटकाची भुकटी टोचून घेत. तिची एकेक खेप हजारो दात्यांचे रक्त एकत्र करून बनत असे. त्यातला एक दाता जरी बाधित असला तरी सगळी खेप दूषित. डिसेंबर १९८२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या वीस महिन्यांच्या एका बाळाची नोंद आली. जन्मल्यावर त्याला अनेकदा रक्त द्यावे लागले होते. त्यातल्या एका दात्याला पुढे एड्स झाला. रक्त दिले त्या दिवशी मात्र हा माणूस ठणठणीत होता. या पुढच्या सगळ्या इतिहासाची गाठ इथेच आहे. आजारी माणसाला रक्तपेढी दारातूनच परत पाठवते. निरोगी दिसणाऱ्या माणसाच्या रक्तात काय आहे, हे सांगणारे साधन तेव्हा कुणाकडेच नव्हते.

विषाणू सापडलेला नव्हता, तेव्हा त्याची चाचणी असणेही शक्य नव्हते. सीडीसीने सुचवलेला मार्ग असा: एड्सच्या बहुसंख्य रुग्णांना पूर्वी कधीतरी हिपॅटायटिस बी झालेला असतो, तर त्याच्या खुणा ज्या रक्तात दिसतील ते रक्त बाजूला काढा. रक्तपेढ्यांना हे पटले नाही. खर्च वाढेल, चांगले दाते गमावू, रक्ताचा तुटवडा पडेल, आणि एवढे करून हाताशी केस तरी किती आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. सीडीसीचे डॉन फ्रान्सिस टेबलावर मूठ आपटून विचारत राहिले की अजून किती माणसे मेल्यावर तुमची खात्री पटेल. बैठक निर्णयाविना उठली. कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डच्या रक्तपेढीने मात्र त्याच वर्षी जुलैपासून दात्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशींचे प्रमाण मोजायला सुरुवात केली आणि संशयास्पद रक्त वापरणे थांबवले. इतरांनी तिच्यावर घबराट पसरवल्याचा ठपका ठेवला. पुढे सीडीसीनेच अंदाज केला, की १९७८ ते १९८४ या काळात रक्तसंक्रमणातून बाधा होऊन नंतरही हयात असलेले लोक अमेरिकेत सुमारे बारा हजार होते. त्या सभागृहात दोन्ही बाजू अपुऱ्या माहितीवर बोलत होत्या हे मान्य. तरीही आज मागे वळून पाहताना रक्तपेढ्यांची ती भूमिका मला माफ करता येत नाही.

त्याच जानेवारीत पॅरिसमध्ये एका रुग्णाच्या मानेतली सुजलेली लसिकाग्रंथी काढून पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये पाठवण्यात आली. ल्यूक माँतानिए, फ्रान्स्वाझ बारे-सिनुसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तिच्या पेशींत एक नवा विषाणू सापडला; त्यालाच पुढे एचआयव्ही म्हटले गेले. मे १९८३ मध्ये त्यांचा निबंध छापून आला. वर्षभर त्याकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही. २३ एप्रिल १९८४ रोजी अमेरिकेच्या आरोग्यमंत्री मार्गारेट हेकलर यांनी वॉशिंग्टनमध्ये पत्रकार परिषद घेऊन रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेने एड्सचा विषाणू शोधल्याचे जाहीर केले. सहा महिन्यांत रक्ताची चाचणी येईल आणि दोन वर्षांत लशीचे प्रयोग सुरू होतील, असेही त्या म्हणाल्या. चाचणी यायला दहा महिन्यांहून अधिक काळ लागला. लस आजही नाही. शोध कुणाचा आणि चाचणीच्या पेटंटचे पैसे कुणाचे, यावर दोन देशांत एवढा वाद पेटला की १९८७ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रेगन आणि फ्रान्सचे पंतप्रधान शिराक यांना तो मिटवावा लागला. २००८ चे नोबेल पॅरिसच्या दोघांना मिळाले.

गॅलो यांच्या प्रयोगशाळेचे एक श्रेय मात्र निर्विवाद आहे. हा विषाणू ज्या पेशींत वाढवावा त्या पेशी मरून जात. त्यांच्याकडच्या मिकुलास पोपोविच यांनी न मरता विषाणू भरपूर वाढवू देणारी पेशींची एक जात मिळवली. चाचणीसाठी विषाणू मोठ्या प्रमाणावर लागतो, आणि ती गरज यामुळे भागली. असा वाढवलेला विषाणू पाच कंपन्यांना दिला गेला. २ मार्च १९८५ रोजी अमेरिकी औषध प्रशासनाने अ‍ॅबट कंपनीच्या एलायझा चाचणीला परवाना दिला.

एलायझा ही पद्धत एड्सच्या दहा वर्षे आधीची. १९७१ मध्ये स्टॉकहोममध्ये एवा एंगवाल आणि पेटर पेर्लमान यांनी ती विकसित केली. याच सुमारास नेदरलँड्समध्येही ती स्वतंत्रपणे सुचली होती. प्लास्टिकच्या पृष्ठभागावर विषाणूचे तुकडे चिकटवायचे. वर माणसाच्या रक्ताचा रक्तद्रव टाकायचा. त्यात त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे अँटीबॉडी, असतील तर ती तुकड्यांना घट्ट धरतात. बाकीचे धुऊन जाते. मग रंग आणणारे रसायन घालायचे. रंग चढला तर पॉझिटिव्ह, नाही चढला तर निगेटिव्ह. एकाच वेळी शेकडो नमुने तपासता येत असल्याने रक्तपेढ्यांसाठी ती फार सोयीची होती.

पण ही चाचणी विषाणूला पाहतच नाही. घरात चोर शिरला आहे की नाही हे दारावर पोलीस आले आहेत का यावरून ओळखावे, तसे हे आहे. पोलीस यायला वेळ लागतो, आणि तोवर चोर घरात मोकळा फिरत असतो. संसर्ग झाल्यावर शरीराला प्रतिपिंडे तयार करायला काही आठवडे लागतात. त्या आठवड्यांत रक्तात विषाणू भरपूर असतो, माणूस इतरांना बाधा देऊ शकतो, आणि रिपोर्ट निगेटिव्ह येतो. हाच विंडो पिरियड. १९८५ च्या पहिल्या एलायझा संचांसाठी तो साधारण दीड ते दोन महिन्यांचा होता, काही जणांत त्याहूनही लांब.

सुरुवातीला मात्र चिंता उलट दिशेची होती. बाधित रक्त निसटू नये म्हणून चाचणी मुद्दाम फार संवेदनशील ठेवली होती, त्यामुळे निरोगी माणसेही पॉझिटिव्ह दिसत. विषाणू मानवी पेशींत वाढवलेला असल्याने त्याच्याबरोबर त्या पेशींचे तुकडेही संचात येत. अनेक बाळंतपणे झालेल्या काही स्त्रियांच्या रक्तात अशा परक्या पेशींविरुद्धची प्रतिपिंडे असतात, आणि विषाणूशी काही संबंध नसताना रंग चढे. म्हणून पॉझिटिव्ह नमुन्याची वेस्टर्न ब्लॉट या दुसऱ्या, अधिक काटेकोर चाचणीने खातरजमा करण्याची पद्धत पडली. तिच्यात विषाणूची प्रथिने वेगवेगळ्या पट्ट्यांत पसरवतात आणि कोणकोणत्या पट्ट्या उमटतात ते पाहतात. एलायझाने गाळायचे आणि वेस्टर्न ब्लॉटने पक्के करायचे, ही जोडी पुढे जवळजवळ तीस वर्षे टिकली.

आणखी एक अडचण माणसांच्या स्वभावातून आली. आपल्याला बाधा झाली असेल अशी धास्ती असलेला माणूस तपासणीसाठी जाणार कुठे? रक्तपेढीत, कारण तिथे रक्त दिले की चाचणी आपोआप होते. म्हणजे ज्यांचे रक्त घेऊ नये तेच लोक रक्त द्यायला येणार, आणि त्यातला कुणी विंडो पिरियडमध्ये असेल तर त्याचे रक्त सरळ रुग्णाच्या शिरेत जाणार. म्हणून १९८५ मध्येच अमेरिकेत रक्तपेढ्यांबाहेर स्वतंत्र, नाव न विचारणारी तपासणी केंद्रे उघडली गेली. आजच्या आपल्या आयसीटीसी, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांमागे हाच विचार आहे.

भीती खरी ठरायला फार दिवस लागले नाहीत. जून १९८६ मध्ये सीडीसीने कोलोरॅडोतली घटना प्रसिद्ध केली: एलायझात निगेटिव्ह ठरलेल्या दात्याच्या रक्तातून बाधा झाली होती. १९८८ मध्ये तपासून निगेटिव्ह ठरलेल्या सात दात्यांकडून तेरा रुग्णांना संसर्ग झाल्याचा अभ्यास छापून आला. सर्वांत जीव कासावीस करणारी घटना १९८५ ची, पण ती उघड झाली १९९१ मध्ये. व्हर्जिनियात मृत्यू पावलेल्या एका तरुणाचे अवयव आणि उती दान करण्यात आल्या. त्याची चाचणी झाली होती, निगेटिव्ह आली होती. हृदय, यकृत आणि दोन मूत्रपिंडे मिळालेल्या चौघांनाही एचआयव्ही झाला, आणि प्रक्रिया न केलेले गोठवलेले हाड मिळालेल्या तिघांनाही. यात कुणीही निष्काळजीपणा केला नव्हता. चाचणी केली होती, नियम पाळले होते, आणि तरीही सात माणसे बाधित झाली.

फ्रान्समध्ये जे घडले ते मात्र निष्काळजीपणाच्याही पलीकडचे होते. अ‍ॅबटची चाचणी उपलब्ध असताना तिथल्या सरकारने पाश्चरच्या स्वदेशी चाचणीची वाट पाहिली; दात्यांची सक्तीची तपासणी १ ऑगस्ट १९८५ ला सुरू झाली. त्याच काळात दूषित असल्याचे माहीत असूनही हिमोफिलियाची औषधे वाटली गेली. राष्ट्रीय रक्तसंक्रमण केंद्राचे प्रमुख मिशेल गारेता तुरुंगात गेले. तत्कालीन पंतप्रधान लोराँ फाबियस यांच्यावर १९९९ मध्ये खटला चालला आणि ते निर्दोष सुटले.

भारतात तेव्हा सर्वसाधारण समज असा होता की हा आजार पाश्चात्यांचा. मद्रास मेडिकल कॉलेजमधल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापिका डॉ. सुनीती सॉलोमन यांना तसे वाटत नव्हते. त्या माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या. त्यांनी पदव्युत्तर विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांना प्रबंधासाठी हाच विषय दिला: मद्रासमधल्या देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्तात हा विषाणू आहे का ते पाहा. निर्मला आधी कचरल्या. मग त्यांचे पती त्यांना स्कूटरवरून शासकीय निरीक्षणगृहापर्यंत सोडू लागले. हातमोजे नव्हते, पुरेशी साधने नव्हती. गोळा केलेला रक्तद्रव त्या स्वतःच्या घरच्या फ्रिजमध्ये ठेवत. शहरात एलायझाची सोय नव्हती. ती होती वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये. फेब्रुवारी १९८६ मध्ये बर्फाच्या डब्यात नमुने घेऊन त्या रात्रीच्या रेल्वेने वेल्लोरला गेल्या. सहा नमुन्यांवर पिवळा रंग चढला. पुन्हा तपासले, पुन्हा तेच. मग नमुने अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला गेले आणि वेस्टर्न ब्लॉटने निकाल पक्का केला. भारतात एचआयव्ही आहे हे देशाला असे कळले.

ज्या स्त्रियांचे रक्त घेतले त्यांना ते नेमके कशासाठी हे सांगितलेले नव्हते, असे निर्मला यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले आहे. त्या काळाची रीत तशी होती. पण तपासणी कुणाची, कुणाच्या परवानगीने आणि रिपोर्ट कुणाच्या हाती, हे प्रश्न न विचारल्याची किंमत तीन वर्षांनी गोव्यात दिसली. डॉमिनिक डिसोझा हा तरुण नेमाने रक्तदान करणारा. त्याने दिलेल्या रक्ताची तपासणी पॉझिटिव्ह आली. त्याला कुणी शांतपणे बसवून सांगितले नाही. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी पोलिसांनी त्याला ताब्यात घेतले आणि ओस पडलेल्या एका क्षय रुग्णालयात डांबून ठेवले. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात बाधिताला सक्तीने वेगळे ठेवण्याची तरतूद होती. आई लुसी डिसोझा यांनी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. चौसष्ट दिवसांनी डॉमिनिकची सुटका झाली. कायदा मात्र न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला नाही. पुढे डॉमिनिकने गोव्यात ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली आणि १९९२ मध्ये त्याचे निधन झाले. चाचणीआधी संमती आणि समुपदेशन, रिपोर्टची गुप्तता, या गोष्टी आपल्याकडे २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात लिहिल्या गेल्या. तो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. जवळजवळ तीस वर्षे लागली.

दात्यांच्या रक्ताची एचआयव्ही तपासणी भारतात १९८९ मध्ये बंधनकारक झाली. पण नियम कागदावर आला म्हणून रक्त सुरक्षित झाले नाही. देशात पैसे घेऊन रक्त विकणाऱ्यांचा मोठा बाजार होता. गरजेपोटी पुन्हा पुन्हा रक्त विकणारा माणूस आपल्याविषयी खरे सांगणार नाही, कारण खरे सांगितले तर पैसे बुडतात. आणि विंडो पिरियडमध्ये दात्याच्या खऱ्या उत्तराखेरीज दुसरा आधार नसतो. सरकारनेच करवून घेतलेल्या १९९० च्या फर्ग्युसन अहवालाने या बाजाराचे भीषण चित्र मांडले. ‘कॉमन कॉज’ संस्थेच्या एच. डी. शौरी यांनी तो सर्वोच्च न्यायालयात नेला. ४ जानेवारी १९९६ च्या निकालाने रक्तपेढ्यांना परवाना सक्तीचा केला आणि पैसे देऊन रक्त घेणे दोन वर्षांत बंद करायला सांगितले. १ जानेवारी १९९८ पासून ही बंदी लागू झाली. माझ्या मते, भारतीय रुग्णाला एचआयव्हीपासून वाचवणाऱ्या गोष्टींत या निकालाचे स्थान कुठल्याही यंत्राच्या वरचे आहे.

याच वर्षांत विषाणूनेही एक कोडे घातले. पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या रुग्णांत त्याचा दुसरा प्रकार, एचआयव्ही-२, १९८६ च्या सुमारास ओळखला गेला. पहिल्या संचांतून तो अनेकदा निसटे. पोर्तुगालच्या जुन्या आफ्रिकी वसाहतींत तो विशेष होता. नव्वदच्या दशकाच्या आरंभी महाराष्ट्र आणि गोव्यातही तो सापडला, आणि दोन्ही प्रकार ओळखणारे संच इथे अत्यावश्यक ठरले. १९९२ मध्ये पुण्यात भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली.

प्रयोगशाळांत तोवर विंडो पिरियड आखूड करण्याचे काम चालले होते. पेशींत वाढवलेल्या विषाणूऐवजी जनुक तंत्राने बनवलेली शुद्ध प्रथिने वापरून दुसऱ्या पिढीची एलायझा आली. चुकीचे पॉझिटिव्ह घटले. तिसऱ्या पिढीने शरीर सर्वांत आधी बनवते ती आयजीएम प्रतिपिंडेही पकडली. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर सॅन फ्रान्सिस्कोचे मायकेल बुश आणि सहकाऱ्यांनी दात्यांच्या जपून ठेवलेल्या नमुन्यांवरून हिशेब मांडला. तिसऱ्या पिढीच्या प्रतिपिंड चाचणीचा विंडो पिरियड सरासरी २२ दिवस. विषाणूच्या गाभ्यातले पी-२४ हे प्रथिन शोधले तर १६ दिवस. विषाणूचे आरएनए, म्हणजे त्याचे जनुकीय द्रव्य, शोधले तर ११ दिवस. ही सरासरी आहे, प्रत्येकाच्या शरीराची हमी नाही. पण हिशेब स्पष्ट होता. पोलिसांची वाट न पाहता चोरालाच शोधायचे.

मार्च १९९६ पासून अमेरिकेत दात्यांच्या रक्तात पी-२४ तपासणे सुरू झाले. हाती फारच थोडे लागले आणि खर्च मोठा आला, म्हणून टीकाही झाली. १९९९ पासून तिथे न्यूक्लिक अ‍ॅसिड चाचणी, म्हणजे नॅट, आली. विषाणूच्या आरएनएच्या असंख्य प्रती करून तो शोधायचा, आणि खर्च वाचवायला अनेक दात्यांचे नमुने एकत्र तपासायचे. तरीही पहिले आठ-दहा दिवस उरतातच. तेव्हा विषाणू उतींत आणि लसिकाग्रंथींत असतो, रक्तात मोजण्याइतका आलेला नसतो. त्या दिवसांत जगातली कोणतीही चाचणी त्याला पाहू शकत नाही.

प्रतिपिंडे आणि पी-२४ दोन्ही एकाच वेळी शोधणारी चौथ्या पिढीची चाचणी युरोपात नव्वदच्या दशकाअखेर वापरात आली. अमेरिकेत तिला जून २०१० मध्ये परवानगी मिळाली. तिने एक चमत्कारिक परिस्थिती निर्माण केली. गाळणारी चाचणी संसर्ग लवकर पकडू लागली, आणि खातरजमा करणारी वेस्टर्न ब्लॉट मागे पडली. नव्याने बाधित माणूस पहिल्या चाचणीत पॉझिटिव्ह आणि दुसऱ्या, ‘पक्क्या’ चाचणीत निगेटिव्ह किंवा अनिश्चित दिसू लागला. तो नेमका सर्वाधिक संसर्गक्षम काळ. २०१४ मध्ये सीडीसीने वेस्टर्न ब्लॉट आपल्या क्रमातून काढून टाकली.

भारताने वेगळी वाट धरली, आणि ती इथल्या परिस्थितीला शोभणारी होती. तालुक्याच्या रुग्णालयात महागडे यंत्र नसते, वीज जाते, आणि रिपोर्ट घ्यायला रुग्ण दुसऱ्यांदा येईलच असे नाही. म्हणून राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, म्हणजे नाकोने, अर्ध्या तासात उत्तर देणाऱ्या रॅपिड किटवर भर दिला. पहिले किट रिअ‍ॅक्टिव्ह आले तर त्याच नमुन्यावर दुसरे आणि तिसरे, वेगळ्या बनावटीचे. तिन्ही एकमताने बोलली तरच पॉझिटिव्ह. तीनदा का, याचे उत्तर साध्या गणितात आहे. देशात प्रौढांतले बाधितांचे प्रमाण सुमारे ०.२ टक्के, म्हणजे लाखात दोनशे. चाचणी ९९.५ टक्के अचूकपणे निरोगी माणसाला निगेटिव्ह म्हणत असली, तरी उरलेल्यांतले जवळजवळ पाचशे लोक पहिल्या फेरीत चुकून रिअ‍ॅक्टिव्ह दिसतील. खऱ्या बाधितांच्या अडीचपट. एका किटच्या रेघेवरून कुणाला ‘तुम्हाला एचआयव्ही आहे’ सांगणे हा अपराध आहे, आणि तो खासगी दवाखान्यांत अजून घडतो.

नवजात बाळाच्या बाबतीत गणित उलटे होते. बाधित आईची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात उतरतात आणि अठरा महिन्यांपर्यंत राहू शकतात. बाळ निरोगी असूनही प्रतिपिंड चाचणी पॉझिटिव्ह येते. दीड वर्ष थांबणे म्हणजे खरोखर बाधित बाळ गमावणे, कारण उपचाराविना अशी बरीच बाळे दुसरा वाढदिवस पाहत नाहीत. सहा आठवड्यांच्या बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेऊन विषाणूचे जनुकच तपासण्याची सोय २०१० नंतर देशभर पसरू लागली, आणि आईवडिलांची ती दीड वर्षाची घालमेल बरीच कमी झाली.

आज सीडीसी विंडो पिरियड असे देते. नॅट संसर्ग साधारण १० ते ३३ दिवसांत ओळखू शकते. शिरेतून घेतलेल्या रक्तावरची चौथ्या पिढीची प्रयोगशाळा चाचणी १८ ते ४५ दिवसांत. बोटाच्या थेंबावरची तीच चाचणी १८ ते ९० दिवसांत. केवळ प्रतिपिंडे शोधणाऱ्या रॅपिड आणि घरगुती चाचण्या २३ ते ९० दिवसांत. आपल्या आयसीटीसीतली किट प्रामुख्याने शेवटच्या प्रकारातली, म्हणून तिथले समुपदेशक तीन महिन्यांनी पुन्हा यायला सांगतात. संसर्गाच्या शंकेनंतर बाहत्तर तासांच्या आत सुरू करायची प्रतिबंधक औषधे कुणी घेत असेल, तर प्रतिपिंडे उशिरा तयार होऊ शकतात. अशांनी तपासणीच्या तारखा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्याव्यात.

हा इतिहास संपलेला नाही. नाकोने माहिती अधिकारात दिलेल्या उत्तरानुसार, ऑक्टोबर २०१४ ते मार्च २०१६ या काळात २,२३४ जणांनी आपल्याला रक्तसंक्रमणातून बाधा झाल्याचे सांगितले; त्यात महाराष्ट्रातले २७६. हा आकडा रुग्णांच्या स्वतःच्या सांगण्यावरचा आहे, तपासून सिद्ध केलेला नाही. २०२२ मध्ये नागपुरात थॅलेसेमियाच्या चार मुलांना एचआयव्ही झाल्याचे उघड झाले. त्यातले एक मूल दगावले. थॅलेसेमियाच्या मुलाला दर काही आठवड्यांनी रक्त चढवावे लागते; वर्षाला कितीतरी अनोळखी दात्यांचे रक्त त्याच्या अंगात जाते. अशा मुलांना तरी नॅटने तपासलेलेच रक्त मिळावे, ही मागणी त्यांचे आईवडील वर्षानुवर्षे करत आहेत. नॅट देशभर सक्तीची नाही. ती सक्तीची व्हायला हवी, निदान या मुलांसाठी उद्यापासून.

तोवर, आणि त्यानंतरही, उरलेल्या आठ-दहा दिवसांचा भार दात्यावर आहे. गेल्या तीन महिन्यांत असुरक्षित संबंध आला असेल, दुसऱ्याची सुई वापरली असेल किंवा नुसती शंका असेल, तर रक्तदान शिबिरात जाऊ नका. मित्रांच्या आग्रहाने गेलात तर अर्जावर खरे लिहा किंवा डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगा, ते कारण न सांगता तुम्हाला परत पाठवतील. तपासणी हवी असेल तर जवळच्या सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत जा. ती मोफत आणि गुप्त असते. निगेटिव्ह आली तर तीन महिन्यांची तारीख लिहून घ्या आणि त्या तारखेला पुन्हा जा. केंद्र कुठे आहे ते ठाऊक नसेल तर १०९७ हा क्रमांक फिरवा.